पाच बोळ्यांचा अंक

गोपाल कंडक्टरनं कॉमिक्सचं पार्सल आमच्या पायरीवर टेकवलं, खांद्यावरच्या रुमालानं मान पुसली आणि जाता जाता सांगितलं की मोहर्लीकडं काल पहाटे वाघानं एक बाई नेली. मोहफुलं वेचायला गेली होती म्हणे. मी तेव्हा पिंजलेल्या ढिगातून चिमूटभर कापूस घेऊन बोळा वळत होते. अशी खबर आमच्या वरोऱ्यात दर उन्हाळ्यात येते. ऐकून माणूस चुकचुकतो आणि मग चहाचं आधण ठेवतो. मीही 'या अल्ला' म्हणून पुढचा बोळा वळायला घेतला होता. गोपाल रस्ता ओलांडता ओलांडता थांबला आणि सांगायचं राहूनच गेलं अशा आवाजात म्हणाला, "अन् भाभी, तिथल्या बाया म्हणे डोक्याच्या मागं कागदाची तोंडं बांधून फिरून राह्यल्या. कोणाच्या डोक्यातून काय निघन, नेम नाई." मग त्यानं गाडीत चढून घंटीची दोरी ओढली, चंद्रपूरची गाडी धूर सोडत गेली, आणि माझ्या मानेवर, वेणी जिथून सुरू होते त्या खोलगट जागी, कुणीतरी ओलं बोट ठेवलं. मी मागं वळून पाहिलं. मागं फक्त जाफर होता, माझा नवरा, पिंजणाच्या यंत्रात कापूस भरत, भुवयांवर पांढरं साचलेला. तो हसला. मला हसता आलं नाही, कारण ती तोंडं कुठून गेली ते मला माहीत होतं. ती ह्याच पायरीवरून गेली होती. माझ्या हातानं.

आमचं दुकान खरं तर जाफरचं, गाद्यांचं. गादी भरून होईस्तोवर गिऱ्हाइकाची लेकरं किरकिर करतात म्हणून मी कधीकाळी पुढच्या फळीवर जुनी कॉमिक्स मांडली, ती भाड्यानं जायला लागली, आणि मग दर आठवड्याला नागपूरहून नवी यायला लागली. दिल्लीला छापलेली, हिंदी. मी शाळेत सातवीपर्यंत गेले, तेही ओढत. उर्दू अब्बांनी शिकवली, हिंदी ह्या उडणाऱ्या माणसांनी, आणि मराठीचं जे शाळेत राहून गेलं ते रद्दीनं पुरं केलं. पार्सल आलं की मी सगळे अंक वाचून काढायची आणि शुक्रवारी दारात पुठ्ठा टांगायची. पुठ्ठ्यावर प्रत्येक अंकाविषयी दोन-चार ओळी. 'बिजलीराज चाळीस पानं उडतो आणि एकदाही जेवत नाही. अशा माणसावर विश्वास ठेवू नये.' 'खलनायक वाईट, पण त्याची आई चांगली काढली आहे. वाचावं ते तिच्यासाठी.' खाली गुण. तारे काढायला माझ्याकडे रंग नव्हता, कापूस मात्र घरचा होता. म्हणून खळीनं कापसाचे बोळे चिकटवायची. एक बोळा म्हणजे नुसतं चित्रं बघून परत करा, पाच म्हणजे रात्री उशाखाली ठेवून झोपा. पोरं लांबूनच बोळे मोजायची आणि भांडत यायची. एकदा कॉलेजातले एक सर पुठ्ठा वाचून म्हणाले, बाई, तुम्ही तर समीक्षा लिहिता. मी घरात जाऊन जाफरला म्हटलं, ऐकलं का, मी समीक्षा लिहिते. तो म्हणाला, लिही, पण लांब धाग्याचा कापूस नको वापरत जाऊ.

तीन आठवड्यांपूर्वी चतुर्नेत्राचा अंक आला. ह्या वीराला चार डोळे, दोन पुढं आणि दोन मागं, कारण त्याचे वैरी कधी समोरून येतच नाहीत. प्रत्येक अंकासोबत पुठ्ठ्याचा एक मुखवटा भेट, रबर लावलेला, आणि तो तोंडावर नाही तर डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा. हिरवा चेहरा, पांढरे वटारलेले डोळे, ओठांवर हसू. मला अंक फार आवडला. पाच बोळे दिले. आणि लिहिता लिहिता हात वळला तसं लिहिलं, 'मोहर्लीकडच्या लोकांनी तर जरूर घ्यावा. वाघ मागूनच येतो. मागंही तोंड दिसलं की बिचारा लाजून परत जाईल.' पोरं हसली. मला आपलं वाक्य आवडलं, ते मी दिवसभर मनात घोळवलं. त्याच आठवड्यात लटारूभाऊ रजई भरायला आले. मोहर्लीच्या अलीकडच्या एका गावातला हा धानाचा शेतकरी. मुलीचं, रंजीताचं, लग्न ठरलं होतं, तिला द्यायची रजई. यंत्र चालू असताना ते पुठ्ठ्यासमोर उभे राहिले, एकेक अक्षर बोटानं पुढं ढकलत. मग मला म्हणाले, बाई, तुम्हीच वाचा. मी वाचलं, अंगात आल्यासारखं, हातवारे करून. ते हसले नाहीत. रुमालाच्या टोकाशी चाळा करत त्यांनी विचारलं, "खरं हाये हे?"

इथं मी थांबायला हवं होतं. पण एवढ्या वर्षांत माझ्या पुठ्ठ्याकडं बघून कुणी 'खरं आहे का' असं विचारलंच नव्हतं, आणि ज्याला कधी कुणी विचारत नाही त्याला विचारलं की तो उत्तर देतोच. मी सांगितलं, बंगालच्या खाडीकडं लोक करतात असं, पेपरात आलं होतं. हे खोटं नव्हतं. भज्यांच्या पुड्याला गुंडाळून आलेला तो कागद मी स्वतः वाचला होता. लाकूडतोडे, मध काढणारे, सगळ्यांच्या डोक्यामागं चेहरे, आणि पहिल्या वर्षी वाघानं एकालाही हात लावला नाही. 'मात्र' असा शब्द होता, आणि त्याच्याखाली कागद फाटला होता. मात्र काय, ते तेलात गेलं. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. कॉमिक्स वाचणाऱ्याला अर्ध्यावर सुटलेल्या गोष्टीची सवय असते. राहिलेलं पुढच्या आठवड्यात येईल अशी त्याची कायमची खात्री असते. लटारूभाऊंनी होते तेवढे मुखवटे मागितले. गावातल्या आठ-दहा बाया अंधारातच निघतात, म्हणाले, फुलं रात्रभर पडतात, उजाडायच्या आत नाही गेलं तर डुकरं खातात. मी अंकांच्या पिना उचकटून मुखवटे काढून दिले. फुकट. पोरं रडली तर म्हटलं, चतुर्नेत्र गरिबांना मदत करतो, तुम्ही वाचत नाही का? त्या रात्री मी स्वतःवर इतकी खूश होते की जाफरला दोनदा वाढलं.

आता पार्सल समोर होतं आणि मुठीत बोळे होते. मी सुतळी कापली, म्हणजे हात काहीतरी करेल. वरच चतुर्नेत्राचा पुढला अंक. 'वाचकांच्या आग्रहास्तव पुन्हा एकदा मुखवटा भेट', ह्या वेळी सोनेरी. गठ्ठ्यातून ते सगळे एकावर एक माझ्याकडं बघत होते, हसत. मी पार्सल उलटं केलं. उलट्या बाजूनं मुखवटा आत वळलेला असतो, डोळ्यांच्या जागी नुसते खळगे. ते जास्त वाईट. कोण असेल ती? लटारूभाऊंची बायको, गुणाबाई, रजई न्यायला आली होती. बुटकी, तंबाखू खाणारी, रजईवर हात फिरवून म्हणाली होती की एवढी मऊ आहे तर पोरगी सकाळी उठनच नाई. तीच का? की रंजीता? लग्नाला किती दिवस उरले होते? मी यंत्राचं बटण बंद केलं. जाफरनं भुवया झटकल्या. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, जाऊन येते. त्यानं विचारलं, जाऊन करशील काय? मी म्हटलं, सांगेन की थट्टा होती, काढून टाका. तो म्हणाला, "और वो तुझे सामने खड़ी करके पूछे, कि फिर लिखा क्यूँ?" हेच विचारतील. मी चादर अंगावर ओढली, मुठीतले बोळे कुठं ठेवायचे ते न सुचून बटव्यात कोंबले आणि पुढची गाडी धरली.

गाडीत मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले, पत्र्याला पाठ लावून. भद्रावती गेलं, चंद्रपूर आलं, तिथून मोहर्लीची गाडी. तिच्यात मागचा बाक भरलेला, म्हणून मधे बसावं लागलं, आणि सगळा रस्ता माझ्या मानेला मागच्या माणसाचा श्वास लागत राहिला. जंगल सुरू झालं. एप्रिलमधलं जंगल दाट नसतं, आरपार दिसतं, आणि म्हणूनच त्याचा भरवसा वाटत नाही; सगळं वाळक्या पानांच्या रंगाचं, आणि तोही त्याच रंगाचा. मला एक जपानी कॉमिक आठवलं, इंग्रजीत केलेलं. ताडोबा बघायला आलेला कुणी परदेशी ते मोहर्लीला विसरून गेला, गोपालनं आणून मला दिलं. पोरांनी लगेच परत केलं, चाची, हे उलटं छापलंय. मी पाहिलं तर उलटं काही नव्हतं. उजवीकडून डावीकडं होतं, अब्बांच्या बोटामागं माझं बोट जसं चालायचं तसं. सुरुवात समजून पोरं जिथून वाचायला घेत होती तिथं गोष्ट संपत होती. इंग्रजी मला लागत नव्हतं, पण त्यात बोलणंच कमी. एक माणूस मोकळ्या गावातून चालतो, पानंच्या पानं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की मागं काही आहे. ते काय, हे चित्रकार एकदाही काढत नाही. मी ते तीनदा वाचलं आणि त्याला एकही बोळा देऊ शकले नाही. चांगलं की वाईट ते ठरेना, फक्त रात्री पाणी प्यायला उठताना दिवा लावायला लागले. तेव्हा वाटलं होतं की भीती मागं असते. आता गाडीत बसून वाटलं, पोरांसारखंच झालं असेल तर? ज्याला दोन्हीकडं तोंड आहे त्याचं पुढं कुठलं आणि मागं कुठलं, हे वाघानं कशावरून ठरवायचं? त्यानं कुठल्या बाजूनं वाचायला सुरुवात केली असेल?

गाव फाट्यापासून जवळच होतं. लटारूभाऊंचं घर विचारावं लागलं नाही. गर्दी त्याच अंगणात होती. मी कुडाच्या फाटकाशीच थांबले. बायांच्या घोळक्यात आधी रंजीता दिसली, रडून डोळे सुजलेली, मग तिला धरून बसलेली गुणाबाई. दोघी जिवंत. त्या क्षणी मला जे वाटलं त्याची मला लाज वाटते, कारण खाली ठेवलेल्या पांढऱ्या कापडात कुणीतरी होतंच. ती सीता होती, लटारूभाऊंच्या धाकट्या भावाची बायको. दवाखान्यातून नुकतंच आणलं होतं. लटारूभाऊंनी मला पाहिलं आणि उठून आले. मी मनातल्या मनात मान खाली घालून तयार होते. ते म्हणाले, "तुम्ही आल्या बाई, बरं झालं. इतक्या दूरून." मग आवाज उतरवून, जणू मलाच समजावत होते, "तिनं काढून ठेवला असन जी. रबर केसाले ओढते म्हणून सगळ्याच कुरकुर करत होत्या. बांधला असता तं हे झालं नसतं." भोवतीच्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. काढलाच असेल, गर्मी होती, सीता हट्टीच होती. कुणी म्हणालं, बाकीच्या सगळ्या परत आल्या ना? मी कुणाकुणाकडं बघत होते. एका तरी तोंडावर राग दिसावा म्हणून शोधत होते. लटारूभाऊंनी विचारलं, अजून येतील का तसले मुखवटे, चार बायांना मिळाले नव्हते. सोनेरी गठ्ठा डोळ्यांसमोर आला. मी म्हटलं, नाही आले.

तेवढ्यात आतून गिरजाबाई, त्यांची म्हातारी चुलती, बाहेर आली. तिच्या हातात विळी होती आणि काखेत रंजीताची नवी रजई. गावात धानाचा पेंढा हवा तेवढा, पण कापूस कुणाच्या घरात नव्हता, आणि सीताच्या नाकात घालायला कापूस पाहिजे होता. म्हातारीनं रजईचा कोपरा धरला, शिवण शोधली. रंजीता बघत होती. मी पुढं झाले आणि बटवा उघडला. बोळे गोल, घट्ट, दोन्ही तळहातांत वळलेले, पोरांनी लांबून मोजावेत असे. गिरजाबाईनं दोन उचलले, बाकीचे माझ्या हातात मिटले आणि म्हणाली, "किती नीट केले व माय. सवय हाये वाटते तुले." मी हो म्हटलं.

लाकडं रचायला माणसं पुढं गेली तेव्हा गुणाबाई मला फाट्यापर्यंत सोडायला निघाली. गार्डानं पंधरा दिवस जंगलात जायला मनाई केली आहे, ती सांगत होती, आणि पंधरा दिवसांत मोह संपतो. तिच्या पदराखाली काहीतरी टोकदार होतं. फाट्याजवळच्या पळसाखाली मी तिला थांबवलं आणि गाडीत पाठ केलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं, की मी लिहिलं होतं, हसण्यावारी लिहिलं होतं, तो पुठ्ठा आहे, त्याला वाघ फसतो की नाही ते मला माहीत नाही, माझा पेपर अर्धाच होता. ती तंबाखू मळत ऐकत होती. चुना पुसून झाल्यावर तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"सीतानं काढला नव्हता," ती म्हणाली. "मी तिच्या मागंच होती. ते वाकली होती, अन् ते हिरवं तोंड माह्याकडं पाहून हासत होतं. समोरून आला तो. तिच्या समोरून."

माझ्या मानेवरचं ओलं बोट आता तिथं नव्हतं. ते कपाळावर होतं.

मी कसंबसं विचारलं की मग घरात सांगत का नाही. ती माझ्याकडं बघत राहिली, एखाद्या लहान पोरीकडं बघावं तशी नाही, चिडूनही नाही, थकलेली होती. "सांगून काय करू? परवापासून जावं तं लागनच. गार्ड काय घरी आणून देते? मागं राखणारं कोणी नाई हे एकदा माहीत झालं का वाकता येत नाई, बाई. अन् वाकल्याबिगर फूल उचलता येत नाई." मग तिनं माझ्या मनगटाला धरलं. तंबाखूचे कण माझ्या हाताला लागले. "तुम्ही थट्टेनं लिहिलं होतं, हे कोणाले सांगू नका. आमच्या ह्यायले तं नाईच."

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले. गुणाबाईनं पदराखालून मुखवटा काढला, रबर ताणून डोक्यावर चढवलं, मागचे केस त्याच्याखालून मोकळे केले आणि गावाकडं चालू लागली. भर दुपारी, डांबरी रस्त्यावर, जिथं वाघ येणार नव्हता पण बाया बघणार होत्या. ती जात होती आणि ते तोंड माझ्याकडं बघत होतं. गाडीनं वळण घेईस्तोवर बघत होतं, हलत, हसत, लहान होत.

शुक्रवारी मी पुठ्ठा टांगला नाही. पोरं येऊन रिकामा खिळा बघून गेली. परत आल्यापासून सोनेरी गठ्ठा गादीच्या ढिगामागं दडवला होता. जाळायचा म्हणून दोनदा चुलीपर्यंत नेला आणि दोनदा परत आणला. जाळला तर त्या चार बाया तशाच जातील. पाठवला तर कागद बांधून जातील. वाकणार त्या दोन्ही वेळी. शेवटी मी सगळे मुखवटे पालथे मांडले, म्हणजे ते खळगे वर, आणि बॉलपेन घेऊन प्रत्येकाच्या आतल्या अंगाला, जिथं केस टेकतात तिथं, एक ओळ लिहिली. 'समोर बघत जा.' थट्टा नाही, मागंपुढं काही नाही. त्या बायांतल्या किती जणींना वाचता येतं ते मला ठाऊक आहे. पण रंजीता शाळेत गेली आहे, आणि रबर केसांना ओढतं म्हणून ती तरी तो कधीतरी काढून हातात धरेल.

गोपालनं लटारूभाऊंकडं पोचवायचा गठ्ठा इंजिनाशेजारी ठेवला आणि दोरीला हात घालून विचारलं, "ह्या वेळी किती बोळे, भाभी?" मी मान चोळत होते. त्याला म्हटलं, अजून वाचून व्हायचं आहे.